"तीन भाषा कानावर पडतात म्हणून मूल उशिरा बोलते" हे कारण आपण किती दिवस पुरवणार आहोत?

मलप्रभा_काठ (धागाकर्ती)
८ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. माझा मुलगा आता साडेपाच वर्षांचा आहे. त्याला ऐकू कमी येते हे आम्हांला तो २६ महिन्यांचा असताना कळले, आणि तपासणी करणाऱ्यांच्या मते ते जन्मापासूनच तसे होते. सव्वादोन वर्षे मूल आमच्या मांडीवर खेळत होते आणि तरीही आम्हांला कळले नाही. का कळले नाही हे सविस्तर सांगण्यासाठी हा धागा काढत आहे, कारण जे कारण आमच्या घरात दिले गेले तेच गेल्या महिन्यात एका बारशाच्या घरी दुसऱ्या एका आईला दिले जात असताना मी ऐकले, आणि घरी आल्यावर मला झोप लागली नाही.

ते कारण आपल्या सीमाभागात सर्वांच्या तोंडी आहे. आमच्या घरात मराठी बोलली जाते, शेजारी आणि अंगणवाडीत कन्नड आहे, धाकटे दीर गोव्यात असल्यामुळे सुट्टीत त्यांची मुले कोंकणी बोलत येतात, आणि मोबाइलवर हिंदी-इंग्रजी गाणी वाजत असतात. त्यामुळे दीड वर्ष झाले तरी बाळ "आई"सुद्धा म्हणत नाही असे मी म्हटले की प्रत्येक जण सांगे, "इतक्या भाषांत लेकरू गोंधळणारच." सासूबाई म्हणत, "ह्याचा बा बी तिसऱ्या वर्साला बोलला." सर्दी-खोकल्यासाठी ज्या दवाखान्यात जात होतो तिथल्या डॉक्टरांनीही "मुलगा आहे, तीन वर्षांपर्यंत वाट पाहा" असे सांगितले. मी वाट पाहिली.

आमची फसगत होण्याचे दुसरे कारण असे की त्याची बाकी सगळी वाढ अगदी वेळेवर झाली होती. दोन महिन्यांचा असताना तो ओळखीचे हसला, चौथ्या महिन्यात मान धरली, सातव्या महिन्यात आधाराशिवाय बसला आणि तेराव्या महिन्यात चालला, तेव्हा आम्ही गल्लीत कुंदा वाटला होता. सहाव्या महिन्यापर्यंत तो हुंकार देत होता, आवाज काढत होता. ऐकू न येणारी बाळेही सुरुवातीचे काही महिने असे आवाज काढतात, हे मला फार नंतर समजले. ज्या वयात इतर बाळे "बाबाबा", "दादादा" अशी अक्षरांची माळ लावतात त्या वयात माझा मुलगा हळूहळू गप्प होत गेला, आणि शांत बाळ म्हणून त्याचे कौतुक झाले.

ट्रॅक्टर आला, दार आपटले, ढग गडगडले की तो वळून पाही, म्हणून ऐकण्याबद्दल कोणाला शंका आली नाही. एकदा मात्र तो स्वयंपाकघरात माझ्याजवळ डब्याची झाकणे घेऊन बसला होता, आणि कुकरची शिट्टी इतक्या जोरात झाली की मी स्वतः दचकले. त्याने मानही वर केली नाही. मी दुसऱ्या शिट्टीची वाट पाहत त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. दुसरी झाली, तिसरी झाली, आणि तो झाकणावर झाकण ठेवत राहिला. पुढच्या आठवड्यात आम्ही बेळगावला जाऊन कान तपासून घेतले. जाड, खालच्या पट्टीतले आवाज त्याला बऱ्यापैकी ऐकू येत होते आणि बारीक, वरच्या पट्टीतले जवळजवळ येत नव्हते. बोलण्यातले स, श, त, क हे वर्ण त्याच वरच्या पट्टीत असतात, त्यामुळे आमचे बोलणे त्याच्यापर्यंत तुटक गुणगुणण्यासारखे पोचत होते. जन्मल्यावर तो आठ दिवस नवजात अतिदक्षता विभागात होता. पाच दिवसांहून अधिक काळ तिथे राहिलेल्या बाळाचे कान आवर्जून तपासायचे असतात, हे आम्हांला घरी सोडताना कोणी सांगितले नाही.

ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी आपले अनुभव आणि शंका कृपया लिहाव्यात. या विषयातले जाणकार इथे आहेत हे मला ठाऊक आहे, त्यांनीही लिहावे अशी विनंती.

वडगावची_सून
८ जुलै, रात्री १०.५५

ताई, तुमचे वाचून हात थरथरत आहेत. माझा मुलगा १९ महिन्यांचा आहे आणि चार-पाच शब्द बोलतो. आमच्या घरी माग आहेत. घरात मराठी, पण मागावर काम करणारे काका-मावशी कन्नड बोलतात आणि बाळ दिवसभर त्यांच्यातच असते. पुढच्या वर्षी नर्सरीत घालायचे असल्यामुळे यांचे म्हणणे आहे की आतापासून घरात फक्त इंग्रजी बोलावे, म्हणजे गोंधळ होणार नाही. मला स्वतःला इंग्रजी धड येत नाही. मी काय करावे? आणि हाक मारल्यावर तो कधी वळतो, कधी वळत नाही, याचा अर्थ काय समजावा?

वाचा_उपचार
९ जुलै, सकाळी ७.२०

मी बेळगावात गेली काही वर्षे वाचा व श्रवण उपचारांचे काम करते. या प्रश्नाचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांचे पहिले वाक्य हेच असते.

दोन किंवा तीन भाषा ऐकल्यामुळे मुलाच्या वाचाविकासात दोष निर्माण होत नाही. दोन भाषांच्या घरातली मुलेही पहिला शब्द साधारण वर्षाच्या आसपास आणि दोन शब्दांची जोडणी दोन वर्षांच्या आसपास, म्हणजे एकभाषी मुलांच्याच सुमारास करतात. फरक पडतो तो आपण शब्द मोजण्यात. आजी मराठी शब्द मोजते, अंगणवाडीच्या बाई कन्नड मोजतात, आणि दोघींनाही मूल मागे वाटते. आपल्याकडचे एखादे मूल पाण्याला "नीरू" म्हणते, दुधाला "दूध" म्हणते, नको असेल तेव्हा "बेडा" म्हणते आणि आजीला "अज्जी" म्हणते. हे चार शब्द आहेत, आणि ते चारही धरायचे. दोन वर्षांच्या मुलाने "दूध बेडा" असे म्हटले तर ती दोन शब्दांची जोडणी झाली, त्यात एक शब्द मराठी आणि एक कन्नड असल्यामुळे काहीही बिघडत नाही. सर्व भाषा मिळून दोन वर्षांपर्यंत सुमारे ५० शब्द आणि दोन शब्दांच्या जोडण्या यायला हव्यात. खरा विलंब असेल तर तो मुलाच्या सगळ्या भाषांत दिसतो. एका भाषेत मूल छान बोलते आणि दुसरीत अडते, एवढ्यावरून त्याला विकार आहे असे म्हणता येत नाही, कारण त्या दुसऱ्या भाषेचा सहवासच त्याला कमी मिळालेला असतो.

वडगावच्या ताईंना माझे आग्रहाचे सांगणे आहे की घरातली मराठी थांबवू नका. आईला जी भाषा सहज येते, जिच्यात ती रागावते, लाड करते, चिऊ-काऊची गोष्ट सांगते, तिच्यातच बाळाला सर्वांत भरपूर आणि जिवंत बोलणे मिळते. न येणाऱ्या भाषेत बोलायचे ठरवले की आईचे बोलणेच आटते. "कम", "गो", "सिट" एवढेच उरते. मागावरच्या काका-मावशींनाही त्यांच्या कन्नडमध्ये खुशाल बोलू द्या.

आता हाकेबद्दल. साधारण ९ ते १२ महिन्यांपर्यंत मूल आपल्या नावाला वळू लागते. कधी वळतो, कधी नाही, हे खेळात रमलेल्या मुलाचे असू शकते, कानात पाणी साचून अधूनमधून कमी ऐकू येणाऱ्या मुलाचे असू शकते, आणि स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) बाजूला झुकणाऱ्या मुलाचेही असू शकते. घरबसल्या हे ठरवता येत नाही. मागे उभे राहून टाळी वाजवणे, ताट वाजवणे या परीक्षांवर विसंबू नका. मूल सावली पाहून, हवेचा झोत किंवा जमिनीचा कंप जाणवूनही वळते. कानांची रीतसर तपासणी करून घ्या. वाचेच्या कोणत्याही तक्रारीत पहिली पायरी तीच आहे, आणि मी कोणत्याही मुलावर उपचार सुरू करण्यापूर्वी तो अहवाल मागते.

तोपर्यंत घरी एक गोष्ट नीट पाहा: त्याला हवी असलेली वस्तू उंचावर ठेवली तर तो बोट दाखवतो का, आणि बोट दाखवताना वस्तूकडे पाहून पुन्हा तुमच्याकडे पाहतो का? तुम्ही खिडकीतून "तो बघ कावळा" म्हणून बोट केले तर तो बोटाच्या दिशेने पाहतो का? वर्ष-सव्वा वर्षाच्या मुलात हे यायला हवे. बोलण्याच्या आधी येणारे हे बोलणेच आहे. केवळ हात धरून ओढत नेणे आणि तुमचा हात एखाद्या अवजारासारखा वस्तूवर ठेवणे, डोळ्यांकडे न पाहणे, हे दिसले तर थांबू नका.

निपाणी_वेस
९ जुलै, सकाळी ११.०५

मी सत्तरीतला गृहस्थ आहे आणि थोडे वेगळे लिहितो, राग मानू नये. आमच्या वेळी कोणी महिने मोजले नाहीत. माझा धाकटा मुलगा रांगलाच नाही, बसल्या बसल्या सरकत गेला आणि एक दिवस उठून चालू लागला. आज तो चांगल्या नोकरीत आहे. प्रत्येक मूल आपल्या वेळेने वाढते. आजकाल तक्ता हातात घेऊन शेजारच्या मुलाशी तुलना करत बसतात, आईच्या जिवाला घोर लागतो, आणि एकदा मुलावर शिक्का बसला की तो पुसत नाही. लग्नकार्यापर्यंत तो पिच्छा पुरवतो. या बाजूचाही विचार व्हावा.

बालरोग_कक्ष
९ जुलै, दुपारी २.३०

काका, तुमच्या म्हणण्यातला पहिला भाग शास्त्राला धरून आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने आणि स्वतंत्र चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका रुंद आहे. सुमारे ४ टक्के निरोगी मुले हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तुमचा मुलगा त्यांतलाच. म्हणून नवव्या महिन्यात चालणाऱ्या मुलाचे फार कौतुक नको आणि पंधराव्या महिन्यात चालणाऱ्याची काळजी नको.

पण या रुंद काळाच्या खिडकीलाही शेवटची चौकट आहे, आणि माझ्या अनुभवात "आपल्या वेळेने वाढते" हे वाक्य त्या चौकटीच्या बाहेर गेलेल्या मुलांसाठीच जास्त वापरले जाते. चौथा महिना संपेपर्यंत मान सावरत नसेल, नऊ महिन्यांपर्यंत बसत नसेल, दीड वर्षापर्यंत चालत नसेल, वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर ठळकपणे करत असेल आणि दुसरी मूठ मिटलेली ठेवत असेल, बारा महिन्यांपर्यंत अक्षरांची माळ किंवा टाटा-नमस्तेसारखी एकही खूण नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, तर दाखवायला आणायचे. एका हाताने जेवणाऱ्या दहा महिन्यांच्या बाळाला घरचे "डावखुरा होणार" म्हणून कौतुकाने दाखवतात आणि मला दुसऱ्या बाजूच्या अशक्तपणाची शंका येते. शिकलेले शब्द किंवा हालचाली मूल विसरू लागले, तर ते कोणत्याही वयात तातडीचे समजावे.

या शेवटच्या मुद्द्याला धरून एक उदाहरण सांगतो. निव्वळ शाकाहारी घरातले, आईच्या दुधावरच असलेले, नऊ-दहा महिन्यांचे गुटगुटीत बाळ आणतात. ते हसायचे थांबलेले असते, बसायचे विसरलेले असते, बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडलेली असते, केस विरळ आणि पिंगट झालेले असतात, कधी हात कापत असतात. आईच्या शरीरातच ब-१२ जीवनसत्त्व कमी असल्यामुळे दुधातून ते मिळालेले नसते. वेळेवर ब-१२ दिले तर बाळ काही दिवसांत पुन्हा हसू लागते. उशीर झाला तर मेंदूचे झालेले नुकसान पूर्ण भरून निघत नाही. जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळाचेही तसेच: टाचेतल्या रक्ताच्या थेंबाने निदान होते, रोजच्या स्वस्त गोळीने उपचार होतो, आणि त्यात काही आठवड्यांचीही दिरंगाई महाग पडते. यांत कुठलाही शिक्का नाही, काका. कारण सापडले की दुरुस्तीही सापडते.

जाता जाता, चाकांचा वॉकर कृपया घेऊ नका. त्याने मूल लवकर चालत नाही, पायऱ्यांवरून मात्र कोसळते. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आपला लाकडी पांगुळगाडा मूल स्वतः उभे राहून ढकलते, तो वेगळा, पण तोही नजरेसमोर. आणि बोलत नाही म्हणून वेखंड मधात उगाळून चाटवणे, घंटेवरचे पाणी पाजणे, जिभेखालची दोरी कापून घेणे यांपैकी कशानेही वाचा फुटत नाही. एक वर्षाच्या आत मध तर देऊच नये.

राजहंसगड
९ जुलै, सायंकाळी ६.१५

डॉक्टरांना एक शंका. आमची मुलगी ३२व्या आठवड्यात जन्मली. आता दहा महिन्यांची आहे आणि आधाराशिवाय नुकतीच बसू लागली. चुलतबहीण तिच्याहून लहान असून उभी राहते, त्यामुळे घरात रोज तोच विषय निघतो.

बालरोग_कक्ष
९ जुलै, रात्री ८.५०

तुमची मुलगी आठ आठवडे लवकर आली, म्हणून वाढीच्या हिशेबात तिचे वय आठ महिने धरायचे. त्या हिशेबाने ती आत्ता बसू लागली हे ठीक आहे. दोन वर्षांची होईपर्यंत असेच दुरुस्त वय धरतात. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचे डोळ्यांचे पडदे आणि कान तपासलेले असावेत. तुमच्या कागदांत ते नोंदलेले आहे का, एकदा पाहा.

अंगणवाडी_सेविका
१० जुलै, दुपारी १.१०

मी जांबोटी भागात काम करते. सर्वांनी एवढे चांगले लिहिले आहे, मी माझ्या रोजच्या कामातले सांगते.

गरोदरपणात नाव नोंदवल्यावर जे कार्ड मिळते त्याला इकडे "तायी कार्ड" म्हणतात. आमच्या बायका त्याला "ताई कार्ड" म्हणतात आणि ते आशाताईंचे किंवा माझे आहे असे समजून लसीच्या दिवशी माझ्याकडे देऊन टाकतात. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. ते कार्ड आईचे आहे. त्यात लसींच्या पानांखेरीज बाळाच्या वाढीची चित्रे आहेत: कोणत्या महिन्यात हसावे, मान धरावी, बसावे, बोट दाखवावे. मजकूर कन्नडमध्ये असल्यामुळे मराठी शिकलेल्या आया ते पान उलटतच नाहीत. मी आता लसीच्या दिवशी ते पान उघडते आणि आईलाच विचारते, "यातले तुमचे बाळ काय काय करते, बोट ठेवून दाखवा." चित्राला भाषा लागत नाही. गेल्या वर्षी एका आईने भराभर बोट ठेवत नेले आणि एका चित्रावर येऊन थांबली. त्या चित्रात बाळ आईच्या हाकेकडे वळत होते. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी बाळाला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेलो.

दुसरे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात जन्मतः असलेली व्यंगे, आजार, जीवनसत्त्वांच्या कमतरता आणि वाढीतला विलंब या चारही गोष्टी जन्मापासून १८ वर्षांपर्यंत मोफत तपासतात आणि पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. पण ज्या मुलाबद्दल घरच्यांना लाज वाटते ते मूल नेमके त्या दिवशी मामाकडे गेलेले असते. तेवढे करू नका. आणि पथकातले डॉक्टर कन्नडमध्ये प्रश्न विचारत असतील तर मूल उत्तर देत नाही म्हणून त्याची तशी नोंद होऊ देऊ नका. "ह्याला मराठी येते" असे सांगा. मी स्वतः शेजारी बसून प्रश्न मराठीत विचारते, मग तेच मूल नाक, कान, डोळे भराभर दाखवते.

वाचा_उपचार
१० जुलै, दुपारी ३.४५

सेविकाताईंचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. चाचणी कोणत्या भाषेत झाली हे अहवालात लिहिलेले असले पाहिजे, आणि नसेल तर पालकांनी विचारले पाहिजे. भारतीय बाळांचे मोजमाप भारतीय बाळांशीच व्हावे यासाठी डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या मुलांच्या दीर्घ अभ्यासातून वाढ मोजण्याची श्रेणी तयार केली, आणि तिची सुधारित आवृत्ती आजही देशभर वापरली जाते. तिच्यातले हालचालींचे ६७ आणि आकलनाचे १६३ घटक बाळाला खुळखुळा, ठोकळे, कप अशा वस्तू देऊन पाहतात. आमच्या क्षेत्रात म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासून काम करत आहे. गुंतागुंतीच्या मुलांना आम्ही तिकडे पाठवतो.

शहापूर_पेठ
१० जुलै, रात्री ९.३०

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) आहे. निपाणीच्या काकांनी शिक्क्याबद्दल लिहिले, त्यावर एवढेच सांगतो की दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घ्यायला आम्ही तीन वर्षे लावली ती याच भीतीने, आणि त्या तीन वर्षांत मिळू शकणारे सगळे गमावले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. आपल्या भागात अनेकांना वाटते की कर्नाटकात काढलेले कार्ड कोल्हापूर किंवा मुंबईला उपचारासाठी गेल्यावर चालत नाही. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, देशभर ग्राह्य आहे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी निरामय ही आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. नुसत्या श्रवणदोषाला ती लागू नाही, हे धागाकर्तीच्या माहितीसाठी.

निपाणी_वेस
११ जुलै, सकाळी ६.५०

सर्वांचे वाचले. माझ्या नातीला अकरावा महिना चालू आहे आणि ती डावी मूठ उघडत नाही. मी घरात आजवर बोललो नव्हतो. आज मुलाला फोन करतो.

बालरोग_कक्ष
११ जुलै, सकाळी ८.००

काका, आजच करा. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडेल, तिथे दाखवले तरी चालेल. शक्य असेल तर तिचा खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्यायला सांगा, कारण दवाखान्यात बाळ रडते आणि हात नीट पाहता येत नाही.

वडगावची_सून
२२ जुलै, रात्री १०.१५

कान तपासून आणले. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचले आहे, नस ठीक आहे. औषध दिले आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणार आहेत. त्याला सारखी सर्दी होत होती, त्याचा कानाशी संबंध असेल हे आमच्या मनातही आले नव्हते. बोट दाखवतो, आणि दाखवून माझ्याकडे बघतोही. चार दिवस लक्ष ठेवून पाहिले. शब्दही नीट मोजले. मी पाच म्हणत होते ते मराठीतले. मागावरच्या मावशींना विचारल्यावर त्यांनी "बा", "हालू", "ऊटा", "कोडू" असे आणखी सहा-सात सांगितले, जे तो फक्त त्यांच्याशी बोलतो. यांनी इंग्रजीचा आग्रह सोडला आहे. टीव्ही आणि मोबाइलही बंद केला. दोन वर्षांच्या आत पडदा दाखवूच नये असे तिथे सांगितले.

कणकुंबी_घाट
२३ जुलै, दुपारी १२.२०

हा धागा वाचून आम्हीही दीड वर्षाच्या मुलीची वेळ घेतली आहे. पुढच्या मंगळवारी बेरा तपासणी आहे. ती झोपेत करतात असे सांगितले. आम्ही एसटीने येणार. मलप्रभाताई, तुम्ही काय तयारी केली होती ते सांगाल का? आणि श्रवणयंत्र लागले तर या पावसात ते टिकते का?

मलप्रभा_काठ (धागाकर्ती)
२३ जुलै, रात्री ९.०५

दुखत नाही, आधी ती भीती काढून टाका. कपाळावर आणि कानांमागे चिकटपट्टीसारख्या तारा लावतात, कानात बारीक टकटक आवाज सोडतात आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का हे यंत्रावर पाहतात. नवजात बाळाची जी पहिली छोटी तपासणी असते ती फक्त आतल्या कानाचा प्रतिसाद पाहते. बेरा पुढच्या नसेचेही पाहते, म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांसाठी ती आवश्यक असते. खरे तर पहिली तपासणी एक महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपचार सहा महिन्यांच्या आत व्हायला हवेत असा दंडक आहे. तो आपल्या हातून निसटला म्हणून मंगळवार पुढे ढकलू नका. जन्मतः खूप कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या कानातल्या शस्त्रक्रियेसाठी जी सरकारी मदत मिळते तिला पाच वर्षांची वयोमर्यादा आहे, म्हणून प्रत्येक महिना मोलाचा आहे.

श्रवणयंत्र पावसात टिकते, पण सांभाळावे लागते. तुमच्याकडे आमच्याहूनही जास्त पाऊस. रात्री यंत्र काढून, कोरड्या कापडाने पुसून, सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवायचे आणि बॅटरीचे झाकण उघडे ठेवायचे. कान वाढतो तसा यंत्राचा कानात बसवलेला साचा ढिला होतो आणि यंत्र स्वतःच शिट्टी मारू लागते. तसे झाले की नवा साचा करायचा. पहिले काही दिवस मूल यंत्र ओढून काढते. आमच्याकडे चौथ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि तो झाकणे तिथेच टाकून गॅसपाशी येऊन उभा राहिला. त्यानंतर त्याने यंत्र काढून फेकले नाही. पहिला शब्द यायला त्यापुढे पाच महिने लागले.

आता झोपेचे. आमची पहिली खेप वाया गेली, तशी तुमची जाऊ नये. आदल्या रात्री मुलीला नेहमीपेक्षा दोन तास उशिरा झोपवा आणि पहाटे लवकर उठवा. बसमध्ये ती हमखास झोपेल, आणि बसमध्ये झोपली की दवाखान्यात झोपणार नाही. आमचा मुलगा खानापूरपासून बेळगावपर्यंत झोपला आणि तिथे टक्क जागा राहिला, त्यामुळे दुसऱ्यांदा जावे लागले. दुसऱ्या खेपेला मी त्याला खिडकीपाशी उभे धरले, तोंडावरून ओला हात फिरवला, वाटाण्याच्या शेंगा सोलायला दिल्या, आणि थेट तपासणीच्या खोलीत पोट भरून पाजले. दहा मिनिटांत झोपला. तिच्या सवयीचे अंथरूण सोबत घ्या, केसांना आणि कपाळाला तेल लावू नका, आणि शक्य असेल तर घरातले आणखी एक माणूस बरोबर आणा, कारण त्या बसमध्ये तुम्हांलाही झोप येईल.